वहीतली बाकी आणि जर्मनीचं कर्ज

पेठ वडगावात माझं खताचं दुकान आहे. उधारी चालते ती ऊसबिलावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये वारणेचं पाणी फडात शिरलं आणि नदीकाठचा एक जुना गिऱ्हाईक दुकानात येऊन गप्प बसून राहिला. नावावर 42 हजार बाकी. शेवटी म्हणाला, "आण्णा, ऊस कुजला. आता लागणीला खत कुठनं आणू?"

मी जुनी बाकी वेगळ्या पानावर काढली, व्याज सोडलं आणि वर दहा पोती दिली. पोरगा रात्री म्हणाला, "हा धंदा हाय का धर्मादाय?"

धंदाच. 27 फेब्रुवारी 1953 ला लंडनमध्ये जर्मनीच्या धनकोंनी हेच केलं. जुनं कर्ज जवळपास निम्मं सोडलं, उरलेल्याला लांब मुदत दिली आणि हप्ता जर्मनीच्या निर्यातीतल्या शिलकीशी बांधला. वसुली हवी तर जर्मन माल विकत घेणं आलंच. सूट देणाऱ्यांत ग्रीसही होता.

मे 2010 मध्ये ग्रीस अडला, तेव्हा त्याला कर्जावर कर्ज मिळालं आणि पेन्शन कापा, खर्च कापा अशी अट पडली. खासगी धनकोंनी सूट दिली, पण 2012 मध्ये. तोवर गाडा रुतला होता. या संकटात ग्रीसची अर्थव्यवस्था जवळपास चौथाईनं आटली. गंमत अशी, की पहिल्या महायुद्धाच्या भरपाईपोटी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता जर्मनीनं भरला तो 3 ऑक्टोबर 2010 ला. स्वतःला जवळपास साठ वर्षं चालली, शेजाऱ्याकडनं वसुली मात्र लगेच हवी.

आपल्याकडं भांडण होतं ते फक्त रकमेवर. डिसेंबर 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाची माफी जाहीर झाली. वेळेवर फेडणाऱ्याला 50 हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मिळायला 2022 उजाडलं. माफीनं शिस्त बिघडते असं म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. आमच्या भागात वेळेवर फेडणारेच जास्त. पण हप्त्याची तारीख कॅलेंडरवर आणि कमाई नदीच्या हातात, हे कोण बदलणार? पुराच्या वर्षी हप्ता आपोआप पुढं सरकेल आणि नव्या लागणीला पैसा मिळेल, हे कर्ज देतानाच कागदावर लिहा. मग दर निवडणुकीला माफीची आरोळी ठोकावी लागणार नाही.

त्या गिऱ्हाइकानं तीन बिलांत बाकी फेडली. शेवटच्या दिवशी त्यानं पान उघडायला लावलं आणि माझ्याच पेनानं आडवी रेघ ओढली. खत अजून माझ्याकडनंच नेतो. पोरगा आता विचारत नाही.