वैद्यकीय महाविद्यालय मोजायचे कशाने?

चांगले वैद्यकीय महाविद्यालय कोणते, असे विचारले की तुमचे उत्तर ठरलेले असते : जेथे ‘नीट’चा कटऑफ सर्वांत वर, ते. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून हे मोजमाप मला खटकते. शेगडीचा जोर पाहायचा असेल, तर भांड्यात ओतलेल्या पाण्याचे तापमान तुम्ही पाहाल, की दहा मिनिटांत ते किती चढले हे पाहाल? कटऑफ हे ओतलेल्या पाण्याचे तापमान आहे. पुढच्या साडेपाच वर्षांत तेथे काय शिकवले जाते, हे त्यावरून कळत नाही.

या प्रश्नाला थेट भिडला तो एक शाळामास्तर. अमेरिकेतील अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने त्याने अमेरिका व कॅनडातील 155 वैद्यकीय शाळा पाहिल्या आणि 1910 साली अहवाल दिला. दे मॉइन शहरातील एका शाळेत खोल्यांवर शास्त्रांच्या पाट्या होत्या, पण दारांना कुलपे. किल्लीवाला माणूस सापडेना. फ्लेक्सनर निरोप घेऊन निघाला, गुपचूप परतला, रखवालदाराच्या हातावर पैसे ठेवले आणि दारे उघडून घेतली. आत काय, तर टेबल, लहानसा फळा व खुर्च्या! उपकरण एकही नाही.

मात्र त्याची पट्टीही निर्दोष नव्हती. कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी दोनच त्याने टिकवण्याजोग्या ठरवल्या. उरलेल्या पाच पुढे बंद पडल्या. त्या का मागे पडल्या आणि त्यांना मदत देता आली असती का, हे मोजायला त्याच्या पट्टीवर खूणच नव्हती. कित्येक तरुणांची डॉक्टर होण्याची वाट त्यामुळे बुजली.

शिवाय खोलीत उपकरणे असली, म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात कौशल्य आलेच असे नाही. पूर्वी तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षेत एकाला सोपा रोगी मिळे, दुसऱ्याला अवघड. एक परीक्षक उदार, दुसरा कडक. आमच्या भाषेत ही मापनातील त्रुटी. 1975 साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. ओळीने अनेक टेबले. कोठे रक्तदाब मोजायचा, कोठे रोग्याला प्रश्न विचारायचे. घंटा झाली की विद्यार्थी पुढच्या टेबलावर. काम सर्वांना तेच आणि गुण देण्याची यादीही तीच. ही पद्धत आज जगभर, आपल्याकडेही वापरली जाते.

(आमच्या प्रात्यक्षिक परीक्षांबद्दल न बोललेले बरे. व्हर्नियर कधी हातात न धरलेल्या मुलाला 30 पैकी 28 गुण दिलेले मी पाहिले आहेत; एकदा सही माझीच होती.)

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयातील एखाद्या इंटर्नला गाठा. गेल्या आठवड्यात तू स्वतः किती रोगी तपासलेस? चुकलास तेव्हा शेजारी कोणी शिक्षक उभा होता का? कटऑफ त्याला विचारू नका. तो वर्तमानपत्रात येतोच.