जनावरांची गाडी वाटेंत बंद पडल्यास

पूर्वीं बाजारास किंवा यात्रेस न्यावयाचीं जनावरें आपल्या पायांनीं जात. वाटेंत एखाद्याचा खूर दुखावला तर मालक जवळच्या गांवीं मुक्काम करी, नालबंद बोलावी व दुसऱ्या दिवशीं पुढें निघे. तो प्रकार आतां राहिला नाहीं. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्यास भरणाऱ्या बाजाराचे घोडे असोत, नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेचीं जनावरें असोत, किंवा शर्यतीचे बैल असोत, बहुतेक सर्व पिकअप, टेंपो अथवा ट्रॅक्टरची ट्रॉली यांतूनच जातात. ता. १८ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेविला, त्यामुळें बैल घेऊन एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत जाणें हा पुष्कळ शेतकऱ्यांचा नेहमींचा क्रम झाला आहे.

गाडी आली, परंतु ती वाटेंत बंद पडली तर काय करावयाचें, याची तजवीज तिच्याबरोबर आली नाहीं. प्रस्तुत लेखाचें सांगणें एवढेंच कीं, ही तजवीज गाडीच्या विम्यांत आपोआप येत नाहीं. ती निराळी, आगाऊ व लेखी करावी लागते. आणि तींत जनावराचा विचार केलेला नसेल तर ती अर्धीच होय.

याविषयीं शेतकऱ्यांशीं बोलूं लागलें म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें : "आमच्या गाडीचा विमा उतरलेला आहे." हें उत्तर खरें असलें तरी पुरेसें नाहीं. विमा या एका शब्दाखालीं तीन निराळ्या गोष्टी येतात, त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली, कायद्यानें सक्तीची. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ प्रमाणें आपल्या गाडीनें तिऱ्हाइताची हानि झाल्यास त्याची भरपाई देणारा विमा असलाच पाहिजे. तो नसतां गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु हा विमा तिऱ्हाइतासाठीं आहे. आपली गाडी बंद पडली तर तो एक पैही देत नाहीं.

दुसरी, आपल्या गाडीच्या नुकसानीची. अपघात, आग, चोरी, पूर यांनीं गाडीचें नुकसान झाल्यास ही भरपाई मिळते. तथापि प्रचलित नमुन्याच्या विमापत्रांत झीज आणि यांत्रिक किंवा विजेच्या भागांतील बिघाड हे स्पष्ट शब्दांनीं वगळलेले असतात. गाडी ओढून नेण्याच्या खर्चाचें कलम असतें खरें, पण तेंही विम्याखालीं येणारें नुकसान होऊन गाडी निकामी झाली तरच लागू होतें, आणि मालवाहू गाड्यांच्या नमुन्यांत त्याची मर्यादा एका अपघातास २,५०० रुपये एवढीच घातलेली आढळते. अर्थात् बेअरिंग गेलें, पाटा तुटला, क्लचप्लेट जळाली, ट्रॉलीच्या हुकाची पिन मोडली, तर या कलमाचा कांहीं उपयोग नाहीं.

त्याच विमापत्रांत आणखी एक अट असते, ती फार थोडे वाचतात. गाडी बंद पडल्यावर योग्य खबरदारी न घेतां ती बेवारस सोडून जातां येत नाहीं. आणि दुरुस्तीपूर्वीं तशीच हांकल्यास जें अधिक नुकसान होईल तें मालकाच्या माथीं. म्हणजे जनावरें उपाशी आहेत म्हणून मोडकी गाडी कशीबशी पुढें रेटली तरी तोटा आपलाच, आणि गाडी टाकून जनावरें चालवीत नेलीं तरी दोष आपलाच.

तिसरी गोष्ट म्हणजे रस्त्यांतील मदतीचा करार. विमा कंपन्या व गाड्यांचे कारखानदार हा करार अधिक पैसे घेऊन देतात. आपल्याला पाहिजे आहे तें हेंच. पण येथेंही नुसतें नांव पाहून पैसे भरूं नयेत. असे करार मुख्यतः मोटारगाडींत बसून प्रवास करणाऱ्या माणसाच्या सोयीचे असतात. गाडी बंद पडली, माणूस उतरला, टोईंगची गाडी आली, काम झालें. आपल्या गाडींत मात्र दोन बैल उभे असतात. टोईंगवाला भरलेली गाडी उचलण्यास नाखूष असतो, आणि बैल आपल्या गाडींत घेण्याची तर त्याच्याजवळ सोयच नसते. गाडी कारखान्यांत पोंचते व मालक कासरे धरून हमरस्त्याच्या कडेला उभा राहतो. मदत मिळाली, पण ती लोखंडाला मिळाली. जीव होता तेथेंच राहिला.

ब्रिटनमध्यें ही अडचण लोकांनीं पुष्कळ आधीं ओळखली. तेथें घोडे बाळगणारे लोक मोटारीच्या मागें ट्रेलर जोडून घोडे नेतात. सामान्य मदत-करारांत ट्रेलर नेला जाईल, पण घोडे नाहींत, असा अनुभव येऊं लागल्यावर घोड्यांच्या ट्रेलरसाठीं निराळे करार निघाले. त्यांत ओढणारी मोटार, मागचा ट्रेलर आणि आंतील घोडे या तिहींचा विचार असतो. दुरुस्ती जागच्या जागीं होत नसल्यास घोडे घरीं किंवा जवळच्या तबेल्यांत पोंचविण्याची जबाबदारी करारांतच लिहिलेली असते. तेथील पैसा व रस्ते आपल्यापाशीं नाहींत हें खरें. परंतु जनावरास मालाप्रमाणें न मोजतां त्याचा कलम घालून विचार करावा, हें तत्त्व घेण्यास पैसा लागत नाहीं.

महसूल खात्यांत सारी उमर दप्तर सांभाळण्यांत गेल्यामुळें मला एक गोष्ट निश्चित ठाऊक आहे : तोंडीं कबुली कितीही गोड असली तरी कागदावर जें नाहीं तें वेळेवर कोणी मानीत नाहीं. सबब करार करण्यापूर्वीं पुढील प्रश्न लेखी विचारावे व उत्तरही लेखीच घ्यावें.

१. आमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असतां, व तिच्या वयाप्रमाणें, ती या करारांत बसते काय?
२. मागें ट्रॉली किंवा ट्रेलर असल्यास त्यास मदत मिळेल काय, कीं केवळ ओढणाऱ्या गाडीस?
३. गाडींत जनावरें असतां गाडी ओढून नेली जाईल काय? नसल्यास जनावरांसाठीं दुसरी गाडी कोण पाठवील, व तिचें भाडें कोणाकडे?
४. किती किलोमीटरपर्यंत विनामूल्य नेतात, व पुढें दर काय?
५. वर्षांतून किती वेळां मदत मिळते, आणि रात्रीं व आडवाटेच्या गांवीं मिळते काय?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असें आलें तरी प्रश्न व्यर्थ गेला असें समजूं नये. काय मिळणार नाहीं हें निघण्यापूर्वीं कळलें म्हणजे त्याची सोय आपणांस करतां येते. जनावराचा विमा असल्यास तोही काढून पाहावा : प्रवासांतील मृत्यु किंवा दुखापत त्यांत येते काय, व किती अंतरापर्यंत. आणि कानांतील बिल्ला शाबूत आहे ना, हें निघण्यापूर्वीं अवश्य तपासावें. बिल्ला नाहीं तर दावा नाहीं, हा या विम्याचा रिवाजच आहे.

कोणताही करार कायदेशीर गाडीसच उपयोगी पडतो, म्हणून आपली बाजूही स्वच्छ असली पाहिजे. ट्रॉलीस नोंदणी लागते. तिचा विमाही ट्रॅक्टरच्या विम्यांत स्पष्ट लिहवून घ्यावा, नाहींतर नंतर तंटा होतो. सन २००७ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या ब्रिजमोहन यांच्या प्रकरणांत वीटभट्टीची माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील मजूर जखमी झाला होता. ट्रॉलीचा विमा नव्हता व काम शेतीचें नव्हतें, म्हणून भरपाईचा अंतिम बोजा मालकावर पडला. यावरून शेतीसाठीं म्हणून विमा उतरलेली गाडी भाड्यानें फिरविणें व ट्रॉलींत माणसें बसविणें किती धोक्याचें आहे हें कळून येईल. जनावरांच्या संख्येचेंही तसेंच. एका मालगाडींत सहाहून अधिक गुरें नेऊं नयेत असा १९७८ चा नियम आहे. आणि २०१५ सालीं मोटार नियमांत घातलेल्या कलमाप्रमाणें गाय-म्हशीस २ चौरस मीटर व घोड्यास २.२५ चौरस मीटर जागा ठेवावयाची आहे. खच्चून भरलेली गाडी लवकर मोडते, व मोडल्यावर तिच्या मालकाची बाजूही लंगडी पडते. खरेदीची पावती व पशुवैद्याचा दाखला जवळ असावा. रात्रीं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बैलांच्या गाडीची चौकशी होतेच, तेव्हां कागद दाखवितां आला पाहिजे.

कोणी म्हणेल, "गाडी दहा वर्षांत एकदां बंद पडणार, त्यासाठीं दरसाल पैसे कां भरावे?" हा हिशेब गाडीचा झाला, जनावराचा नव्हे. भर उन्हांत पाण्यावांचून लोखंडी हौद्यांत सहा तास उभा राहिलेला बैल पुन्हां पूर्वींसारखा होईल याची हमी कोण देणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : "कंपनीची गाडी हमरस्त्यावर येईल, आमच्या वाडीच्या रस्त्यानें येणार नाहीं." यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हें काम एकेकट्यानें होण्यासारखें नाहीं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागतां येते, आणि जनावर आजारी झाल्यास १९६२ वर पशुवैद्यकीय पथक बोलावितां येतें. हे दोन्ही क्रमांक गाडींत लिहून ठेवावेत. पण बंद गाडींतील बैल रात्रीं ठेवावयास गोठा, व सकाळीं न्यावयास दुसरी गाडी, हीं कोणत्याही क्रमांकावर मिळत नाहींत. तीं शेजाऱ्यापाशींच मिळतात.

म्हणून आपल्या संस्थेपुढें माझी सूचना अशी आहे. प्रत्येक तालुक्यांतील ज्या सभासदांपाशीं जनावरें नेण्याजोगी गाडी आहे, ज्यांच्या गोठ्यांत एका रात्रीपुरती जागा व पाणी आहे, आणि जे मिस्त्री रात्रीं येण्यास तयार आहेत, त्यांची यादी करून ती दरसाल यात्रांच्या हंगामापूर्वीं या मासिकांत छापावी. गाडीचें भाडें दर किलोमीटरास किती तें आधींच ठरवावें, म्हणजे अडलेल्याची अडवणूक होणार नाहीं. दुसरें, इच्छुक सभासदांच्या गाड्यांची एकत्र यादी घेऊन संस्थेनें विमा कंपन्यांशीं एकच बोलणें करावें, व जनावरांचें कलम मागावें. एकट्या शेतकऱ्यानें मागितल्यास कंपनी छापील कागद पुढें करते. शंभर गाड्यांचा मालक एकदम बोलूं लागला तर तिला कागद बदलण्याचा विचार करावा लागतो. १९०४ च्या कायद्यानें पतपेढ्या निघाल्या त्या याच विचारावर. कर्जाच्या बाबतींत जें साधलें तें या लहान कामांत न साधण्याचें कारण दिसत नाहीं.

पुढील वार्षिक सभेंत हा विषय चर्चेस घ्यावा अशी चालकांस विनंति आहे. तोंपर्यंत प्रत्येक वाचकानें आपलें विमापत्र काढून तें शेवटच्या पानापर्यंत वाचावें, व वरील प्रश्न आपल्या विमा प्रतिनिधीस लेखी विचारावे. उत्तरें आल्यास तीं संस्थेच्या कचेरींत पाठवावीं, म्हणजे सभेपुढें नुसतें बोलणें न राहतां कागद येईल.