‘चेस्ट फिजिओ बी.डी.’

राउंड आटोपला की केसपेपरवर ही ओळ हमखास उमटते. रुग्ण सीओपीडीचा की ब्राँकिएक्टॅसिसचा, दिवसाकाठी कफ किती पडतो, तो आपसूक सुटतो की नाही, यातले काहीच त्या ओळीत नसते. मग फिजिओथेरपिस्ट येतो, पंजाची ओंजळ करून दोन्ही बाजूंनी पाठ थोपटतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. नातेवाईकही खूश, कारण काहीतरी केलेले दिसते.

या सवयीची परीक्षा ब्रिटनमध्ये झाली आहे. ‘मॅट्रेक्स’ चाचणीत सीओपीडी बळावल्यामुळे दाखल झालेल्या ५२२ रुग्णांचे दोन गट केले गेले. श्वासाचे तंत्र दोन्ही गटांना शिकवले. थोपटणे आणि कंपने मात्र एकाच गटाला दिली. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या जीवनमानात फरक नव्हता.

म्हणून छातीची फिजिओथेरपी मोडीत काढायची का? मुळीच नाही. भारतातील ब्राँकिएक्टॅसिसच्या नोंदवहीत २,१९५ रुग्ण होते आणि त्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांच्या आजाराचे मूळ जुन्या क्षयात सापडले. औषधांचा कोर्स पुरा झाला, जंतू गेले, पण फुगून सैल झालेल्या श्वासनलिका मागे राहिल्या. रोज भरपूर बेडका पडणाऱ्या अशा रुग्णाला कफ काढण्याचे तंत्र शिकवा आणि दिवसातून एकदा-दोनदा करायला लावा, असे २०१७ ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. दुखणे इतकेच, की हा रुग्ण आणि शेजारच्या खाटेवरचा कोरड्या, फुगलेल्या छातीचा एम्फिसीमाचा रुग्ण, दोघांच्या कागदावर तीच एक ओळ असते.

तंत्र शिकवतानाही घाई नडते. ‘आजोबा, जोरात खोका’ ही सूचना एम्फिसीमात अंगाशी येते. जोर लावला की लेच्यापेच्या श्वासनलिका मिटतात, हवा आत कोंडते आणि कफ जागचा हलत नाही. त्यापेक्षा आजोबांच्या हाती त्यांचाच चष्मा द्यावा आणि पुसण्यापूर्वी काचेवर वाफ सोडतात तसा लांब ‘हा’ काढायला सांगावे. मध्यम श्वास घेऊन केलेला असा हफ खोलवरचा कफ वर सरकवतो. तो मोठ्या नळ्यांत आला, घरघर ऐकू येऊ लागली, की पूर्ण श्वास घेऊन आखूड हफ. दोन हफ झाले की श्वास शांत होईपर्यंत थांबायचे. क्षयाची शंका असेल तर थुंकीचा अहवाल येईपर्यंत हे सारे मोकळ्या हवेशीर जागी, आणि थेरपिस्टच्या तोंडावर एन-९५ मास्क हवाच.

श्वास सोडताना दाब देणाऱ्या उपकरणाच्या किमतीमुळे अडत असेल, तर पाण्याची बाटली आहे. १० सेंटिमीटर पाण्यात बुडलेली नळी फुंकणाऱ्याच्या श्वासनलिकांना जवळपास तेवढाच दाब देते. मात्र नळीचा आतला व्यास किमान आठ मिलिमीटर हवा. हाताशी आहे म्हणून सलाइनच्या सेटची नळी वापरली, तर दाब पाण्याऐवजी ती बारीक नळीच ठरवते आणि हिशेब कोलमडतो. पाणी रोज बदलावे. राहता राहिले उशाशी ठेवलेले तीन चेंडूंचे स्पायरोमीटर. ते कफ काढण्याचे साधन नव्हे, हे बिल करणाऱ्यांनाही कधीतरी सांगायला हवे.

थोपटणे सोडून थेट कसून व्यायामाकडे धावण्यातही धोका आहे. लेस्टरच्या संशोधकांनी ३८९ रुग्णांना घेऊन केलेल्या चाचणीत एका गटाचा व्यायाम दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केला. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. उलट वर्षभरातले मृत्यू व्यायाम गटात २५ टक्के, तर दुसऱ्या गटात १६ टक्के होते. असे का, हे त्या अभ्यासातून उलगडले नाही, पण सबुरीला एवढे कारण पुरेसे आहे. पुनर्वसनाची खरी वेळ डिस्चार्जनंतरची. आणि तिथेच साखळी तुटते: अमेरिकेतील सुमारे दोन लाख मेडिकेअर रुग्णांपैकी जेमतेम दीड टक्क्याने डिस्चार्जनंतर ९० दिवसांत पुनर्वसन सुरू केले होते, असे २०२० मध्ये दिसले.

तेव्हा वाचक-सहकाऱ्यांना विनंती अशी: पुढच्या वेळी ती ओळ समोर आली, की कफाचे प्रमाण, रंग आणि छातीचे आवाज आधी नोंदवा, गरज नसेल तर थोपटणे टाळण्याचे कारण कागदावर लिहा, आणि डिस्चार्ज कार्डावर पुनर्वसनाच्या पहिल्या भेटीची तारीख घातल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू देऊ नका.