क्लब कुणाचा? मालकाचा की प्रेक्षकांचा?

फुटबॉल गरिबांचा आणि क्लब धनदांडग्यांचा, अशी आज स्थिती आहे. मुंबई सिटी एफसीतील ६५ टक्के हिस्सा २०१९ मध्ये परदेशी सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सोडूनही दिला. घेताना प्रेक्षकांना कुणी विचारले नाही, सोडतानाही नाही. वसई-विरारहून लोकलने अंधेरीच्या मैदानावर जाणारी आमची पोरे या व्यवहारात फक्त गिऱ्हाईक ठरली.

त्यांनी संतापणे रास्तच आहे. पण नुसता संताप म्हणजे आंदोलन नव्हे. कोलकात्यात २०२० साली मोहनबागानच्या नावाला 'एटीके' जोडले गेले. चाहत्यांनी एकच मागणी धरली : ते नाव हटवा. निदर्शने आणि बहिष्कार चालू राहिले. मार्च २०२३ मध्ये मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. पण नव्या नावातल्या 'सुपर जायंट'वरही मालकाचाच शिक्का आहे. नाव गेले, मालकी राहिली! उलट जर्मनीत क्लबांतील बहुसंख्य मते सभासदांच्या हाती असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, तेव्हा लीगला गुंतवणूकदाराशी चाललेला सौदा सोडावा लागला. तिथला चाहता मतदार आहे, इथला तिकीटधारक. खरा फरक हा आहे.

हा धडा आपल्याला नवा नाही. १९२० मध्ये क्रिकेटच्या हिंदू संघाने चर्मकार समाजातील बाळू पालवणकरांना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले व कारण जाहीरपणे सांगितले. बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. ज्यांच्यावाचून संघाचे अडते, त्यांनी एकजुटीने नकार दिला की व्यवस्था झुकते.

आणि महाड? डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाचा मनाई हुकूम येताच बाबासाहेबांनी चवदार तळ्यावरचे पाणी घेणे थांबवले, पण लढा थांबवला नाही. १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. शिस्त म्हणजे माघार नव्हे.

म्हणून मालकाविरुद्ध उभे राहणाऱ्यांनी आधी समिती नेमावी, वर्गणीचा हिशेब उघडा ठेवावा, मागणी लेखी द्यावी. शांततेने जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे, तरी पोलिसांना आगाऊ अर्ज द्यावा आणि पोच जवळ ठेवावी. मैदानात प्रवेश तिकिटाच्या अटींवर असतो, म्हणून निदर्शने फाटकाबाहेर करावीत. पुराव्याशिवाय फलकावर आरोप लिहू नये. अब्रुनुकसानीचा खटला हे धनदांडग्यांचे आवडते हत्यार आहे. खेळाडू आणि मैदानावरचे कामगार यांना लक्ष्य करू नये. तेही आपल्यातलेच आहेत. तिकिटांवरचा बहिष्कार एका ठरलेल्या सामन्यापुरता, पण शंभर टक्के असावा.

आणि मागणी कोणती? मालक बदला, एवढीच नको. एक धनदांडगा जाईल, दुसरा येईल. प्रेक्षकांनी निवडलेला प्रतिनिधी संचालक मंडळात हवा. मेहेरबानी नको, प्रतिनिधित्व हवे. बाबासाहेबांनी आपल्याला हेच मागायला शिकवले आहे. जयभीम!