फौजेची पेन्शन, उसाचे बिल आणि दुधाचा पैसा



सातारा-सांगलीकडे गावोगाव माजी सैनिकांची घरे आहेत. मिलिटरी आपशिंग्याचे तर नावच त्यावरून पडले. जवान चाळिशीच्या आसपास पेन्शनीवर घरी येतो, शेती पाहू लागतो, आणि ‘शेतकऱ्याला इन्कमटॅक्स नाही’ या भरवशावर सारे घर निर्धास्त राहते. हा भरवसा अर्धाच खरा आहे.

पेन्शन कायद्याने पगारातच मोजतात. सातबारा नावावर आहे म्हणून ती करातून सुटत नाही. सूट आहे ती ठरावीक. परमवीर, महावीर किंवा वीर चक्र मिळालेल्यांची पेन्शन करमुक्त आहे. अपंगत्व आल्यामुळे ज्याला मुदतीआधीच फौजेतून घरी पाठवले, त्याची अपंगत्व पेन्शनही तशीच. लढाईच्या कामगिरीवर वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीची कुटुंब पेन्शनसुद्धा नियमांनुसार करमुक्त आहे. अशा भगिनीचा कर कापला गेला असेल, तर तिने विवरणपत्र भरून तो परत मागावा. त्यात संकोच कसला?

आता दुधाकडे वळू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. ऊस, सोयाबीन, भाजीपाला हे शेतीचे उत्पन्न. त्याला कर नाही. गाई-म्हशींचे दूध आणि कोंबड्या मात्र प्राप्तिकराच्या लेखी शेती नव्हे, तो धंदा. आम्ही शेतीखात्याची माणसे ‘जोडधंदा’ म्हणतो, त्यातला ‘धंदा’ तेवढा करखाते धरते!

हिशेब पाहा. महिना 35,000 रुपये पेन्शन म्हणजे वर्षाला 4,20,000. नव्या करपद्धतीत 2025-26 सालासाठी 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन उरतात 3,45,000. मर्यादा 4 लाखांची, म्हणजे काळजी नाही. पण चारा, पेंड, औषधपाणी, गड्याची मजुरी वजा जाता दुधाचे 2 लाख सुटले, तर बेरीज 5,45,000 होते. 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्यच येतो, तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक ठरते. मुदत चुकली तर या उत्पन्नाला 5,000 रुपये विलंब शुल्क पडते. एका चांगल्या गाईचा महिन्याचा खुराक गेला!

विवरणपत्रात उसाचे पैसेही त्यांच्या रकान्यात दाखवा. ते करमुक्तच राहतात, मात्र कर लागत असेल तर दर ठरवताना धरले जातात. पेन्शनीचा फॉर्म 16 ‘स्पर्श’वर मिळतो. दूध संस्थेची बिले आणि पेंडीच्या पावत्या एका पिशवीत घालून, त्याच्यासोबत कर सल्लागाराकडे न्या.