गळती कोठे आहे, ते आधी पाहावे

ग्वाल्हेरास स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या जुन्या डिझेल मोटारीतील कूलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारे रंगीत पाणी, दर आठवड्यास उणे होते. मिस्त्री म्हणतो, रेडिएटर नवा घाला. इतका खर्च झेपणारा नाही; तरी काय करावे, अशी त्यांची पृच्छा आहे. मारुतीसारख्या कंपनीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी काढणेच थांबविले. सबब आहे ती गाडी जपणे हाच अनेक घरांचा मार्ग उरला आहे, आणि म्हणून हा प्रश्न आमच्या गावकऱ्यांचाही आहे.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर चढतो. अशा उन्हात आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरीकडे निघालेल्या गाडीचे कूलंट संपले, तर इंजिनाचे हेड वाकते आणि चार पैशांचे काम हजारोंवर जाते. साधे पाणी १०० अंशांस उकळते; परंतु झाकणाने कोंडलेल्या दाबाखाली कूलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. गळतीने हा दाबच जातो. म्हणून थेंब लहान दिसला तरी त्याची उपेक्षा करू नये.

शोध सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना घ्यावा. तापलेले झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने चेहरे भाजल्याची उदाहरणे थोडी नाहीत. रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा अंथरावा. त्यावरचा डाग स्वच्छ व निर्गंध असेल तर ते एसीचे पाणी होय, त्याची चिंता नको. हिरवा किंवा गुलाबी, बोटांस बुळबुळीत लागणारा डाग मात्र कूलंटचा. डागाच्या वर पाहत जावे. रबरी नळ्यांच्या टोकांशी वाळलेली पांढुरकी पुटे दिसतात का, पाण्याच्या पंपाखालच्या भोकातून ओघळ आला आहे का, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीस चीर आहे का, हे पाहावे. पुढच्या आसनाखालची चटई ओली असून गोडसर वास येत असेल, तर दोष आतल्या हीटरचा.

एवढ्याने न उमगल्यास मिस्त्र्यास दाबाची चाचणी घेण्यास सांगावे. रेडिएटरच्या तोंडास हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब भरतात. काटा खाली उतरला की गळती आपणच जागा दाखविते. या चाचणीवाचून नवा रेडिएटर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळदा दोष सैल क्लिपेचा किंवा झाकणाच्या झिजलेल्या रबराचा निघतो. नळी टोकाशीच चिरली असून लांबी पुरत असेल, तर तेवढे टोक कापून ती पुन्हा बसविता येते. जुन्या पितळी रेडिएटरास डाख देणारे कारागीर अजून आहेत. पंप मात्र बदलावाच लागतो. तो टायमिंग बेल्टवर चालणारा असल्यास बेल्टही त्याच वेळी बदलावा, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

बाहेर थेंबही नाही आणि कूलंट तरी घटते, ही स्थिती अधिक बिकट. ऑइल दुधाळ झाले, किंवा थंड इंजिन सुरू करताच नळ्या कडक होऊन कूलंटात बुडबुडे येऊ लागले, तर हेड गास्केटचा संशय घ्यावा. तथापि नव्या डिझेल इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तरी कूलंट पांढऱ्या धुरावाटे गुपचूप जाते. हेड उघडण्यापूर्वी तो तपासून घ्यावा, कारण त्याचा खर्च बहुधा कमी असतो.

रेडिएटरात हळद टाकण्याची ट्रकवाल्यांची युक्ती वाटेत अडकलेल्यास पुढील गाव गाठण्यापुरती ठीक आहे. पुढे तीच हळद बारीक नळ्या बुजविते. बोअरिंगच्या क्षारयुक्त पाण्याचेही तेच. कूलंटात मिसळावयाचे ते शुद्ध केलेले, बॅटरीत घालतात तसले पाणी असावे. दुरुस्तीनंतर आतील हवा काढून घ्यावी आणि आठवडाभर रोज सकाळी टाकीवरील खूण पाहावी.

काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीस गोड पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि लहान मुलांच्या हाती ते लागता कामा नये.