तिशीतले पिंपल्स

कॉलेज संपलं की पिंपल्स संपतात म्हणे! मी एकतीस वर्षांची आहे आणि जबड्याच्या उजव्या कडेला आत्ता एक गाठ ठणकतेय. तिला तोंड नाही, पिवळं टोक नाही; मोबाइल कानाला लावला की मात्र जीव जातो. ऑफिसात प्रत्येकाकडे औषध तयार. लिफ्टमध्ये ‘पाणी कमी पितेस का गं?’, कँटीनमध्ये मुलतानी माती, घरी आईचं उगाळलेलं जायफळ. माया आहे हो त्यात, पण ही गाठ त्वचेच्या खोल थरात असते, लेप वरच सुकतो. आणि दाबून फोडायला जाल, तर सूज आत पसरते, खड्डा कायमचा राहतो.

माझा खरा राग आहे तो गोरं करणाऱ्या स्टिरॉइडच्या ट्यूबवर. चार दिवस चेहरा एकदम झक्कास, मग दुप्पट पुरळ! २०१८ मध्ये अशा क्रीम्सना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली, तरी काउंटरवर मागितलं की मिळतंच.

स्किनच्या डॉक्टरांनी मला आधी पाळीबद्दल विचारलं. जबड्यावरचे फोड आणि अनियमित पाळी असं एकत्र दिसलं, की पीसीओएसची शंका घेतात. माझी पाळी ठीक निघाली. मग रेटिनॉइड जेल : रात्री, वाटाण्याएवढं, फरकाला ८ ते १२ आठवडे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या त्याहून जालीम. त्या चालू असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, तेव्हा मैत्रिणीच्या पर्समधली गोळी अजिबात नको.

माझा सहावा आठवडा चालू आहे. शुक्रवारी टीमचा ग्रुप फोटो. डावी बाजू कॅमेऱ्याकडे, ठरलंय.